भिंतीपलीकडचा फोन

तोंडवलीच्या आमच्या घरात ब्रॉडबँड आलं ते कोल्हापूरच्या एका छापखान्यामुळे. साल २००८. मी घरी बसून त्यांच्या पुस्तकांची अक्षरजुळणी करत असे. डायल-अपवरून एक प्रकरण पाठवायचं तर सकाळ जायची, आणि मधेच कुणी रिसीव्हर उचलला की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी मी टेलिफोन खात्यात अर्ज दिला. घरात आहे त्याच तारेवर काम होईल, नवीन काही ओढावं लागणार नाही, असं तिथल्या बाईंनी सांगितलं.

लाइनमनने येऊन आमच्या फोनला फिल्टरची डबी लावली आणि मॉडेम जोडला. त्यावरचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला आणि लुकलुकतच राहिला. खांबापासून पडवीपर्यंतची तार त्याने तपासली. तिच्यात काही दोष नव्हता. मग घरातली तार बोटाने चाचपत तो निघाला. पडवी, माजघर, कपाटाची मागची बाजू, तिथून वर वाशावर. वाशावरून तार भिंतीच्या डोक्यावर चढून पलीकडे उतरली होती.

"गुरुजीनु, ही वायर खंय जाता?"

माझे वडील प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "जाता खंयतरी."

पलीकडे काका राहायचे. घर एकच, पण मधे भिंत. १९९८ साली फोन आला तेव्हा ती नव्हती, म्हणून काकांच्या खोलीतही एक जोडफोन बसवला होता. पुढे मोरीचं पाणी कुठून काढायचं यावरून दोघा भावांचं बिनसलं, भिंत उभी राहिली आणि बोलणं बंद झालं. ती तार तेव्हाच कापली असणार, असं मी धरून चालले होते.

"पलीकडे फोन आसा आणि त्येका फिल्टर नाय," लाइनमन म्हणाला. "म्हणान सिग्नल टिकणा नाय. ही वायर कापूया."

"कापू नको," वडील म्हणाले.

"मगे तुमका ब्रॉडबँड नको?"

"माका नको. तिका होया."

आई आत बांगडे साफ करत होती. तिथूनच म्हणाली, "सांगा आता काय ता."

वडिलांनी पेपराची घडी घातली आणि शाळेत धडा समजावावा तसं सांगितलं. आमच्या फोनवर एक या आकड्याचं बटण दाबलं की पलीकडचा फोन बारीक टिण करतो. दोघांनी रिसीव्हर उचलला की बोलता येतं. रोज दुपारी चहाच्या आधी ते बोलत. मात्र भाऊ म्हणून नव्हे. दोघांचं बोलणं बंद होतं आणि ते दोघेही पाळत होते. पहिल्यांदा चुकून लागला तेव्हा काका "राँग नंबर" म्हणाले होते. वडिलांनी "हरकत नाही" म्हणून तिकडच्या पावसाची चौकशी केली, तेव्हापासून हे चालू होतं.

आता माझ्या लक्षात आलं. रोज दुपारी वडील कुणाशी तरी शुद्ध मराठीत, अहो-जाहो करत बोलायचे, ते मी आठ वर्षं ऐकत होते. विचारलं की "फोंडाघाटचे एक गृहस्थ आहेत" एवढंच सांगायचे.

लाइनमनने हातातली पकड खाली ठेवली. मग पिशवीतून एक पांढरी डबी काढून म्हणाला, "ह्यो दुसरो फिल्टर. त्यांच्या फोनाक लावलो की झाला. पण त्यांका सांगतलो कोण?"

त्याचा प्रश्न बरोबर होता. आमच्या दारातून निघालेल्या माणसाला काका उंबऱ्याच्या आत घेत नसत. वडील उठले आणि त्यांनी एकचं बटण दाबलं.

"नमस्कार. आपल्या यंत्राला एक लहानशी पेटी बसवायची आहे. माणूस पाठवला तर चालेल का?"

आज कान देऊन होतो म्हणून काकांचं उत्तर आम्हाला भिंतीतून थेटच ऐकू आलं. "माणूस कुठून येणार?"

वडील अडखळले. "फोंडाघाटहून."

"मग वेळ लागेल."

"हो. दोन तास तरी लागतील."

वडिलांनी रिसीव्हर ठेवला आणि लाइनमनला खुर्ची दिली. तो बसला. चहा झाला, मग आईने त्याला जेवायलाच वाढलं. दोन बांगडे खाऊन तो पडवीत जरा लवंडलासुद्धा. वडील अधूनमधून घड्याळ बघत होते. मी एकदा म्हटलं, "आता जाऊ दे की त्येका." ते म्हणाले, "आता कसो जायत? एस्टी अजून मालवणाक पोचूक नाय."

बरोबर दोन तासांनी लाइनमन मागच्या दाराने बाहेर पडला, माडांतून वळसा घालून रस्त्यावर गेला आणि काकांच्या पुढच्या दाराशी उभा राहिला. मी खिडकीतून बघत होते. काकांनी दार उघडून त्याला नीट न्याहाळलं.

"प्रवास बरो झालो मा?"

"बरो झालो," लाइनमन म्हणाला. त्याला तिथेही चहा घ्यावा लागला.

तो परत आला तेव्हा मॉडेमवरचा दिवा स्थिर झाला होता. मी एक अख्खं प्रकरण पाठवून बघितलं. ते इतक्या चटकन गेलं की मी छापखान्यात फोन करून खात्री करून घेतली.

लाइनमन फॉर्म भरत होता. घरात एकूण किती फोन आहेत, असा त्यात एक रकाना होता. पेन तसंच धरून त्याने वडिलांकडे बघितलं.

"एक," वडील म्हणाले.

लाइनमनने एक लिहिलं आणि सहीसाठी फॉर्म माझ्यापुढे केला.