ओहोळाकाठची जमीन

शेवंतावहिनी सरपंचाच्या खुर्चीत कधी टेकल्याच नाहीत. सह्यासुद्धा उभ्यानेच करत आणि शाई वाळायच्या आत दारापर्यंत पोचत. वज्रेश्वरीच्या पलीकडे, अभयारण्याच्या हद्दीला लागून असलेल्या त्या गावात दोन हजारनंतरची काही वर्षं मी ग्रामसेवक होतो. "भाऊसाहेब, बसला का मानूस इचार करतो, आनि इचार केला का घाबरतो," असं त्या मला ऐकवत.

त्यांचे धाकटे दीर काशिनाथ. त्यांची ओहोळाकाठची जमीन मुंबईच्या एका रिसॉर्टवाल्याला हवी होती. नियम साधा होता. अशा जागी बांधायला वनखात्याची परवानगी आणि ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला लागे, शिवाय ओहोळ अडवता येत नसे. रिसॉर्टवाल्याला मात्र ओहोळ पाइपात घालून वर हिरवळ करायची होती, भोवती तारेचं कुंपण. "मॅडम, आप सिर्फ दाखला दो, ऊपर का मैं देख लूँगा," तो म्हणाला. उन्हाळ्यात रानातली भेकरं त्याच पाण्यावर उतरत. वहिनींनी दाखला नाकारला.

शाळेत भरलेल्या ग्रामसभेत काशिनाथ उभे राहिले. आवाज चढवला नाही. "वहिनी, पानी सरकारचा, जनावरा सरकारची. जमीन तेवरी माजी, ती पन इकाची न्हाय. मंग मी काय कराचा? पोराला कोनच्या तरी रस्त्याला गॅरेज काढून देवाचा हाय मना."

वहिनी तडकन काही बोलतील असं सगळ्यांना वाटलं. त्या शाळेच्या पडवीत नुसत्या येरझारा घालत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुजा बोलना खोटा न्हाय, काशिनाथ."

आणि नवऱ्यामागे स्वतः राबून राखलेलं रस्त्यालगतचं भातशेत त्यांनी दिराला द्यायचं ठरवलं. बदल्यात ओहोळाकाठची जमीन घेतली, जिच्यावर काहीच करता येणार नव्हतं. मी म्हटलं, "वहिनी, मुलाला तरी विचारा."

"इचारला त तो न्हाय म्हनल," त्या चालता चालताच म्हणाल्या.

भातशेताच्या जागी गोदाम उभं राहिलं. त्याच्या भाड्यातून शेजारीच काशिनाथांच्या मुलाचं गॅरेज निघालं. वहिनींचा एकुलता एक मुलगा मात्र बायकोला घेऊन भिवंडीत भाड्याच्या खोलीत गेला, लूमवर शिफ्ट करू लागला. आईशी बोलेना. वहिनी अधूनमधून एसटीने जात, बंद दाराशी परसातली भाजी ठेवत आणि पुढच्याच गाडीने परत येत.

माझी बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला गेलो, तर त्या ओहोळावर. काठाने इकडून तिकडे फिरत होत्या.

"माजा चुकला का, भाऊसाहेब?"

आम्ही भेकरांची वाट बघत उभे राहिलो. उन्हं कलली. पाण्यावर काहीच उतरलं नाही.

"आता येत नाहीत का?" मी विचारलं.

"येतान. मानसा दिसली का रानातल्या झारीत थांबतान." त्यांनी पदर खोचला. "चला, आपुनच जाव."

आणि स्वतःच्याच जमिनीवरून त्या भराभर बाहेर पडल्या.