उंबरदरीचं साठ घोड्यांचं इंजिन

अर्जुना सपकाळांनी आपलं मूळ घर कधी पाहिलंच नाही. कोयना धरणाच्या पाण्याखाली ते गेलं तेव्हा त्यांचा जन्म व्हायचा होता. धरणानं उठवलेली बरीच माणसं सांगली-सोलापूरकडं जमिनी मिळाल्या तिकडं गेली. अर्जुनांच्या वडिलांचा पाय मात्र निघाला नाही. पाणी वर चढत गेलं तसे तेही काही घरांबरोबर डोंगर चढत गेले, आणि पाणी थांबलं तिथं थांबले. त्या वस्तीला उंबरदरी म्हणत. मागं दाट जंगल, पुढं पसरलेलं पाणी. दवाखाना, बाजार, एसटी सगळं पलीकडच्या काठाला, बामणोलीच्या अंगाला. तिथं जायचं तर डोंगराच्या दोन सोंडांना वळसा घालून तासभर बोटीनं.

अर्जुना तरुणपणी लाँचवर खलाशी होते. पुढं एक बोट क्लब बंद पडला, तेव्हा त्याची जुनी फायबरची बोट त्यांना मिळाली. आठ माणसं बसतील एवढी, मागं चाळीस घोड्यांचं इंजिन. आजारी माणूस, लग्नाचं वऱ्हाड, रेशनची पोती, सगळं त्याच बोटीतून जायचं. बायको तानुबाई बहुतेक वेळा बरोबर असायची. पुढं बसून डब्यानं पाणी उपसायची आणि उतारूंशी गप्पा मारायची. एकच मुलगी, संयोगिता. ती लग्न होऊन कळंबोलीला गेलेली. दोघं नवराबायको आणि बोट, असा संसार होता.

एका श्रावणात तानुबाई नाचणीच्या भांगलणीला गेली आणि तिला घोणस चावली. शेजारच्या हरिबानं तिला खांद्यावर टाकून काठाला आणलं. अर्जुनांनी इंजिन सुरू केलं. वारा समोरून होता, पाण्यावर लाटा होत्या. बोटीचं नाक वर, शेपूट खाली, आणि ती जडशीळ म्हशीसारखी पाणी ढकलत चालली. पाय सुजून मांडीपर्यंत काळानिळा पडला होता. तानुबाई हरिबाला टेकून बसली होती.

"आवं, जरा जोरात घ्या की," ती म्हणाली.

"घेतलीया गं. सगळी मूठ पिळलीया. एवढंच पळतंय."

दुसऱ्या सोंडेपाशी तिची मान हरिबाच्या छातीवर कलली. अर्जुना तसेच बोट हाकत राहिले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले, आणि जरा आधी पोचायला हवं होतं एवढंच हळू आवाजात म्हटलं.

तेराव्यानंतर संयोगिता म्हणाली, "दादा, चला माझ्याकडं. इथं एकटं काय करणार?"

"मशीन दुरुस्त करायचं हाय," अर्जुना म्हणाले.

त्यांनी इंजिन उतरवलं, पोत्यात गुंडाळलं, बामणोलीला जीप केली आणि रहिमतपूर गाठलं. तिथं बादशहा मुलाणींचं दुकान होतं. बादशहानं तरुणपणी मुंबईला भाऊच्या धक्क्यावर बोटींची इंजिनं उघडली होती. आता तो उसाच्या पंपांच्या मोटारी आणि डिझेल इंजिनं दुरुस्त करायचा. पण बोटीचं इंजिन आलं की हातातलं काम बाजूला ठेवायचा.

"काय झालंय मशीनला?"

"हळू पळतंय."

"बंद पडतंय का?"

"न्हाई."

"धूर?"

"न्हाई. हळू पळतंय. लय हळू पळतंय."

बादशहानं मान वर करून पाहिलं. माणसाच्या डोक्यावर नुकतेच केस उगवत होते.

"घरात कोण गेलं, दादा?" त्यानं विचारलं.

अर्जुनांनी सगळं सांगितलं. बादशहाची बायको नूरजहां आतून चहा घेऊन आली होती. ती दारातच उभी राहिली, आणि चहा गार झाल्यावर तो परत नेऊन तिनं नवा केला.

इंजिन उघडल्यावर दिसलं की एका पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. त्या सिलिंडरचा दाब जवळजवळ निम्म्यावर आला होता. पाण्यातल्या पंख्याच्या पात्यांच्या कडा दगडांवर घासून खाल्लेल्या. बादशहानं रिंगा बदलल्या, कार्बोरेटर धुतले, पंखा नवा लावला. मग म्हणाला, "नुसत्या मशीनचा दोष नसंल. बोट बघाय पायजे मला."

तो उंबरदरीला आला आणि अर्जुनांच्या घरी मुक्कामालाच राहिला. बोट काठावर ओढून त्यानं तिच्या तळावर बोटांनी टकटक केलं, कान लावला, आणि आतली फरशी कापायला घेतली. बोट बुडू नये म्हणून फरशी आणि तळ यांच्या मध्ये फोम भरलेला असतो. तो कोरडा आणि हलका असायला हवा. इथं आतून काळा, चिखलासारखा लगदा निघाला. दोघं तो फावड्यानं काढू लागले. पाट्यांवर पाट्या भरल्या. प्रत्येक पाटीतून पाणी ठिबकत होतं आणि कुजका वास सुटला होता.

अर्जुना फावडं टेकून उभे राहिले.

"म्हंजी इतकी वर्सं आमी हे पाणीच वाहत हुतो?"

"व्हय. फोम फुटला की पाणी पितो. वरनं कळत न्हाई."

"तवाबी? तिला नेली तवा?"

बादशहा खाली वाकून पाटी भरत राहिला. अर्जुना जरा वेळानं लांब पाण्याच्या कडेला जाऊन बसले. त्या दिवशी पुन्हा ते बोटीकडं आले नाहीत. बाकीचा फोम बादशहानं आणि हरिबानं काढला.

नवा फोम भरला, फरशी बसवली, इंजिन दोन बोटं वर उचलून बांधलं, म्हणजे पाण्यातला अडथळा कमी होतो. बोट पाण्यात घातली तेव्हा ती आधीपेक्षा खूपच चांगली पळाली. गावातल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. पण अर्जुना काठाला आले आणि म्हणाले, "अजून पायजे."

"अर्जुनादा, ह्या चाळीस घोड्यांत याच्यावर न्हाई."

"मग दुसरं मशीन घालू."

बादशहानं त्यांना समजावून पाहिलं. ज्या मागच्या फळीवर इंजिन टांगतात ती चाळीसच्या हिशेबाची, मोठ्या इंजिनाच्या जोरानं ती फाटून सगळंच तळाला जाईल. अर्जुनांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच म्हटलं. शेवटी बादशहा मुंबईला गेला. ओळखीच्या माणसांकडं फिरून त्यानं साठ घोड्यांचं जुनं पण धडधाकट इंजिन शोधून आणलं. मागची फळी काढून आतून जाड प्लाय घातला, त्यावर फायबरचे थर चढवले, बाजूंना लोखंडी पट्ट्या मारल्या. ते वाळेपर्यंत त्यानं कुणाला हात लावू दिला नाही. पंखाही जास्त पिळाचा घातला, एका फेऱ्यात बोट पुढं जास्त जावी म्हणून.

"आता ही हितंच थांबली," तो म्हणाला. "ह्याच्या म्होरं बोटीला झेपायचं न्हाई. मागू नगंस, गड्या."

साठ घोड्यांनी बोटीनं थोडंसं नाक वर केलं, मग सगळी पाण्यावर उठून आली आणि सपाट होऊन सुसाट निघाली. मागं पांढरी रेघ. काठावरची पोरं ओरडत पळाली. अर्जुना हसले नाहीत. त्या दिवसापासून ते रोज सकाळी रिकामी बोट घेऊन बामणोलीच्या वाटेनं जायचे आणि परत यायचे. एवढं पेट्रोल कशापायी जाळता, असं हरिबानं एकदा विचारलं. "हात बसाय पायजे," एवढंच ते म्हणाले.

पुढच्या पावसाळ्यात हरिबाची सून राजेश्वरी आठव्या महिन्यात होती, आणि एका दुपारी तिला रक्तस्राव सुरू झाला. पुन्हा समोरून वारा, पुन्हा लाटा. तिला गोधडीवर निजवलं, हरिबा उशाला बसला. अर्जुनांनी बोट सोडली. पहिली सोंड गेली. हरिबा सुनेच्या तोंडावर पाणी उडू नये म्हणून घोंगडी धरून बसला होता. त्यानं वर पाहिलं तर दुसरी सोंड मागं पडलेली, आणि समोर बामणोलीची घरं दिसत होती.

राजेश्वरी वाचली. तिला पुढं साताऱ्याला हलवलं, तिथं मुलगा झाला. एवढासा, पण जिता. त्याचं नाव शिवतेज ठेवलं.

राजेश्वरीला पोचवलं त्याच संध्याकाळी बादशहाला बातमी कळली, आणि त्यानं आनंदानं फोन केला. अर्जुना बामणोलीच्या धक्क्यावरच बसलेले होते.

"दादा, कशी पळाली?"

फोनमध्ये वाऱ्याचा आवाज येत होता.

"ती जागा कवा आली आन् कवा गेली कळलंच न्हाई, बादशहा," अर्जुना म्हणाले. "दुसऱ्या सोंडेजवळची. तिथवर पोचलो तवा नीट बसलोबी नव्हतो. माझी तानू तिथं गेली गड्या, आन् आज मी तिथनं तसाच पुढं गेलो." बादशहानं फोन ठेवला नाही. दुकानात बसून तो नुसता तो वाऱ्याचा आवाज ऐकत राहिला.

बोट आता खात्रीची झाली होती, पण गावाची हिंमत मात्र त्या दुपारी गेली. जंगलाच्या राखीव क्षेत्रातून बाहेर पडायचं म्हणून पुनर्वसनाची बोलणी कितीतरी वर्षं रेंगाळली होती. त्याला सगळ्यांत आधी हरिबानं होकार दिला.

"तुज्या घरानं जावं?" अर्जुना म्हणाले. "आता बोट हाय की."

हरिबाला त्यांच्याकडं बघवलं नाही. "बोट हाय, व्हय. पण तुमी किती वर्सं हाय, दादा? तुमच्या मागं कोण हाकंल? यंदा वाचली. पुढच्या बारीला?"

हरिबामागं बाकीची घरं निघाली. आष्ट्याच्या पुढं माळावर त्यांना प्लॉट मिळाले. दारात नळ, दवाखाना हाकेवर, रात्रंदिवस रस्त्याला गाड्या. घरांची कौलं, दारं, जाती, देव्हारे, सगळं अर्जुनांनी त्याच बोटीतून खेपा करून पलीकडं पोचवलं. जे इंजिन माणसं जगवायला आणलं होतं त्यानं दोन महिन्यांत गाव उचललं. शेवटच्या खेपेला अर्जुना स्वतः होते आणि तानुबाईचं नाचणी दळायचं जातं.

माळावर बोटीला काम नव्हतं. ती बामणोलीला सहलीच्या माणसांना फिरवणाऱ्या एकानं घेतली. अर्जुना वसाहतीच्या पाण्याच्या टाकीवर मोटार चालू-बंद करायच्या कामाला लागले. राजेश्वरी त्यांना भाकरी आणून द्यायची. शिवतेज त्यांना आजा म्हणायला शिकला. बादशहा महिन्या-दोन महिन्यांनी रहिमतपूरहून येऊन जायचा. दोघं टाकीच्या सावलीत बसायचे, मोटारीविषयी बोलायचे. बोटीचं नाव कुणी काढत नसे.

ग्रामदेवतेची जत्रा मात्र उंबरदरीतच व्हायची, देवी काही माळावर आली नव्हती. त्या वर्षी बादशहालाही अर्जुनांनी बरोबर घेतलं. बामणोलीला उतरल्यावर पाहिलं तर पलीकडं न्यायला तीच बोट लागलेली. आता ती लाल रंगवली होती, वर छत होतं, पुढं चालवायला चाक बसवलं होतं. चालवणारा तरुण गॉगल घालून बसला होता.

"बसा बसा, एकदम फास्ट नेतो," तो म्हणाला. "अख्ख्या जलाशयात हिला तोड नाही."

बोट पाण्यावर उठली. शिवतेज राजेश्वरीच्या मांडीवर उड्या मारत ओरडू लागला, "जोरात! अजून जोरात!" सगळे हसले. अर्जुना मागं इंजिनाजवळ बसले होते. थोड्या वेळानं ते उठले, तोल सावरत पुढं गेले आणि त्या तरुणाच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाबा, हळू घे. आता तिकडं कुणाला घाई न्हाई."

त्यानं आश्चर्यानं पाहिलं, पण हरिबानंही मान हलवली तेव्हा वेग कमी केला. बोट पाण्यात बसली आणि संथ चालू लागली. राजेश्वरीनं पोराला पदराखाली घेतलं. बादशहा इंजिनाचा आवाज ऐकत होता. एक सिलिंडर अधूनमधून चुकत असल्याचं त्याच्या लक्षात आलं.

काठ आला. अर्जुना सवयीनं आधी उतरले, दोर हातात घेतला आणि पाण्यातल्या खडकाला वेढा घालू लागले.

"आजोबा, राहू द्या, मी बांधतो," तो तरुण म्हणाला.

"बांध," अर्जुना म्हणाले. दोर त्याच्या हातात देऊन ते ओल्या पायांनीच चढाला लागले. वर पडक्या चौथऱ्यांमध्ये गवत माणसाएवढं वाढलं होतं.