पोटाला विश्रांती

साबुदाण्याची खिचडी मला आता डोळ्यांसमोर नको वाटते. तुपाने ओशट झालेले ते दाणे, त्यात शेंगदाण्याचं कूट, बटाट्याच्या फोडी. नुसत्या वासाने शिसारी येते. या खिचडीपायी माझी नोकरी जायची वेळ आली होती.

लग्न होऊन बिबवेवाडीत आले तेव्हा खराडीच्या एका ऑफिसात मी नुकतीच लागले होते, कायम व्हायचं होतं. पोटदुखी त्याआधीची. बेंबीखाली पीळ पडायचा, पोट गच्च फुगायचं, आणि बस हडपसरला अडकली की मला दरदरून घाम फुटायचा. एकदा उतरून तिथल्या सार्वजनिक शौचालयात शिरले. कडी तुटलेली, नळ कोरडा, पायाखाली कोणाकोणाची घाण. भिंतीवर पाटी मात्र ठसठशीत: 'स्वच्छता राखा'. एका हाताने दार आणि दुसऱ्याने नाक धरून बसले होते. त्या दिवशी मला स्वतःच्या शरीराचीही किळस आली.

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या. म्हणाल्या, "तपासण्या नीट आहेत. आतड्याला जखम नाही, पण ते हळवं आहे. तुमचं दुखणं खरं आहे." वेळच्या वेळी थोडं थोडं खा, फार वेळ उपाशी राहू नका, तेलकट-तुपकट टाळा, दुखलं की गरम पाण्याच्या पिशवीने शेका. पुदिन्याच्या तेलाच्या कॅप्सूल लिहून दिल्या.

सासूबाईंनी त्यातलं 'तपासण्या नीट आहेत' तेवढंच ऐकलं.

"म्हणजे काही झालेलं नाही तुला. पोटाला जरा विश्रांती दे. सोमवार धर."

विश्रांती म्हणजे काय, तर सकाळी नुसता चहा, दुपारी डबाभर खिचडी, संध्याकाळी तळलेल्या साबुदाण्याच्या पापड्या. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ते उगाच नाही. मंगळवारी मी पोट धरून वाकलेली. त्यावर सासूबाईंचं निदान तयार, "एका उपासाने काय होतंय? गुरुवारही धर." नवरा म्हणाला, "आई सांगतेय तर बघ ना करून." आणि स्वतः कोपऱ्यावरच्या गाडीवर भुर्जी-पाव खायला गेला. मला त्याचाही वीट आला होता.

एका सोमवारी डबा खाल्ला आणि महत्त्वाच्या मीटिंगमधून उठून पळाले. परत आले तर खोलीत एकटे साहेब, बाकी सगळे गेलेले. ते शांतपणे म्हणाले, "आपण घरीच विश्रांती घ्या. पुन्हा असं झालं, तर कायमच घ्या."

घरी येऊन मी मऊ भात आणि साधं वरण शिजवलं. हॉलमध्ये, सासूबाईंच्या समोर बसून खाल्लं.

"अगं, आज सोमवार!"

"माहितीये. पोटालाही सांगून झालंय."

पोटावर गरम पिशवी घेऊन पडले. हळूहळू पीळ सुटला. त्यानंतर डॉक्टरीणबाईंचं सांगणं तंतोतंत पाळलं. दुखणं पार गेलं नाही, अजूनही अधूनमधून येतं, पण बसमध्ये बसवू लागलं. नोकरीत कायम झाले.

पेढे घ्यायला शेजारच्या काकू आपल्या सुनेला घेऊन आल्या. सासूबाई कौतुकाने सांगत होत्या, "उपासाला यश आलं हो! पोटदुखी गेली, नोकरीही टिकली."

काकू म्हणाल्या, "हिचंही पोट सारखं दुखतं. डॉक्टर म्हणतात, काही नाही. आजपासून गुरुवार धरलाय."

ती मुलगी बेंबीखाली मूठ दाबून बसली होती. सासूबाईंनी लगबगीने खिचडीची बशी आणून तिच्या हातात दिली. वरून तुपाचा चमचा सोडला.

मी बशी काढून घेतली, स्वयंपाकघरात नेऊन कचऱ्याच्या डब्यात उपडी केली आणि तिला आतून हाक मारली, "ये, भात लावलाय."

 दोन्ही सासवांच्या समोरून ती उठून आत आली.