जावयाला हरवायचं नसतं

लग्न मे महिन्यात झालं आणि त्याच पावसाळ्यात अधिक महिना लागला. अधिकात जावई म्हणजे साक्षात नारायण. एरवी मी नगरला एका कारखान्याच्या खरेदी विभागात बसणारा, पोट सुटायला लागलेला माणूस; चहाला निघताना लोक मला हाक मारायची विसरतात. पण संगमनेरजवळच्या मळ्यात, सासुरवाडीला पोचलो की मी एकदम कुणीतरी व्हायचो. उंबऱ्यात पायांवर पाणी, कपाळाला टिळा, पाटाभोवती रांगोळी. सासरे, ज्यांना लेकी अण्णा आणि मी मामा म्हणतो, ते गाडीतली पुढची सीट माझ्यासाठी राखून ठेवायचे. सासूबाई, म्हणजे मामी, गुडघे दुखत असले तरी मागे लेकींच्यात दाटीवाटीने बसायच्या. एकदा मी मागे बसतो म्हणालो, तर मी त्यांच्या भाजीला नावं ठेवल्यासारखा त्यांचा चेहरा पडला. पुन्हा म्हणालो नाही. खोटं कशाला बोलू, मला ते सगळं आवडत होतं.

बायकोची धाकटी बहीण तेव्हा बारावीला होती. ती बॅडमिंटन खेळायची. पुण्याच्या एका प्रशिक्षकांनी कुठल्याशा स्पर्धेत तिचा खेळ पाहिला आणि तिला आपल्याकडे राहून शिकायला बोलावलं होतं. मामांचं काही ठरत नव्हतं. पोरीला परगावी ठेवायची, बारावीचं वर्ष पणाला लावायचं, ते कशासाठी, तर फूल मारायला. शटलला त्या घरात फूलच म्हणतात. मामांनी तिला खेळताना कधी पाहिलंच नव्हतं. सकाळी धारा, संध्याकाळी धारा. गोठा माणसाला सोडत नाही.

धोंड्याच्या जेवणात तिसऱ्या की चौथ्या वाढपानंतर माझी जीभ सैल झाली. मी म्हणालो, कॉलेजात असताना मीही बॅडमिंटन खेळायचो. त्यात खोटं काही नव्हतं, फक्त ते होस्टेलच्या पार्किंगमध्ये होतं आणि आमचं नेट म्हणजे वाळत घातलेली चादर होती, एवढं मी सांगितलं नाही. मेव्हणीचे डोळे चमकले. "मग चला की दाजी आमच्या हॉलवर." मामा म्हणाले, "जाऊ की. पाव्हण्यांचा खेळ बघू." त्यांनी शेजारच्या मळ्यातल्या माणसाला धारा काढायला सांगितलं आणि गाडी काढायला बाहेर गेले. बायका आत आवरत होत्या. त्या दहा मिनिटांत स्वयंपाकघरात काय बोलणं झालं ते मला दोन महिन्यांनी कळलं.

हॉल म्हणजे पत्र्याचं उंच छप्पर, खाली लाकडी जमिनीवर शेजारी शेजारी दोन कोर्टं, आणि लोखंडी जिना चढून गेलं की प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची गॅलरी. बाहेरची पायताणं आत चालत नाहीत. खेळणारे वेगळे बूट घेऊन येतात. मामा-मामींनी देवळाबाहेर काढाव्यात तशा वहाणा काढल्या आणि अनवाणी जिना चढले. माझ्यासाठी मेव्हणीने कुणाचे तरी बूट मागून आणले. शेजारच्या कोर्टवर गावातले डॉक्टर-वकील मंडळी दुहेरी खेळत होती.

आणि मी जिंकलो. एक गेम नव्हे, दोन्ही. आज मला ते सगळं स्पष्ट दिसतं: शटल माझ्याकडे यायचं ते नेमकं मला झेपेल त्या उंचीवर, मला वळावंसुद्धा लागू नये असं. मी ते ताकदीने हाणायचो आणि ती एक पाऊल उशिरा पोचायची. "दाजी, काय मारलं हो," असं म्हणायची. शेवटचे दोन गुण तिने सरळ नेटमध्ये घातले. वरून मामांनी टाळ्या वाजवल्या. "पोरीला पार दमवली पाव्हण्यांनी," असं ते मामींना म्हणाले ते मला खालपर्यंत ऐकू आलं. हरभऱ्याच्या झाडावर चढायला माणसाला आणखी काय लागतं? घाम पुसत मी तिला मनगट कसं वापरावं ते समजावून सांगितलं. तिने मान डोलावून ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर चहा घेताना मामांनी विषय काढला. "पाव्हणं, तुमाला खेळातलं कळतं म्हून इचारतो. पोरगी जाईल का पुढं? पुन्याला धाडावी का न्हाई?"

मी मोठ्या माणसांसारखा एक घोट घेतला, लांब उसाकडे पाहिलं. मग म्हणालो, "मामा, हात चांगला आहे. पण त्या तोडीची वाटत नाही. माझ्यासारखा इतक्या वर्षांनी रॅकेट धरणारा माणूस तिला सरळ हरवतो, म्हणजे बघा. बारावी करू द्या नीट." मामांनी बराच वेळ मान हलवली. "तुमी म्हन्ता म्हंजी झालं." मेव्हणी कप न्यायला आली, कप घेऊन आत गेली. मी निघालो तेव्हा मामींनी अनारशांचा डबा दिला, आणि मी गाडीत पुढच्या सीटवर बसून एसटी स्टँडपर्यंत आलो.

नगरला आल्यावर मी नवी रॅकेट घेतली. ऑफिसमधले चार मित्र एका हॉलवर खेळायला जायचे, त्यांच्यात घुसलो. त्यातला सगळ्यात मवाळ, चष्मा सावरत खेळणारा मित्र माझ्यासमोर उभा राहिला आणि त्याने मला असं धुतलं की मी निम्मा वेळ जाळीत आणि निम्मा वेळ भिंतीशी शटल गोळा करत होतो. मी म्हणालो, आज हात चालत नाही. एरवी मी स्पर्धा खेळणाऱ्या मुलीला हरवलंय.

"कुठं?"

"संगमनेरला. सासरी."

चौघे एकमेकांकडे पाहू लागले. मग चष्मेवाला मित्र बाकावर बसला आणि पोट धरून हसायला लागला. "अरे, धोंड्याला गेलेल्या जावयाला कोणी हरवतं का?" बाकीचेही बसले. मीही हसलो, कारण न हसणं आणखी वाईट दिसलं असतं.

घरी बायको तांदूळ निवडत होती. मी विचारलं, तशी ती म्हणाली, "आईनं सांगितलं होतं ना निघताना. पाहुण्यांना हरवायचं नाही म्हणून."

"मग तू मला बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हाला कळतंय. असं असतंच की."

कळतंय. माझ्याबद्दल तिची एवढी चांगली समजूत होती. मग मामांना ओट्यावर मी काय सांगितलं ते मी तिला सांगितलं. ताटातला तिचा हात थांबला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "अण्णा पहिल्यांदाच गेले होते हो तिचा खेळ बघायला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यात एकदाच बाप वर गॅलरीत बसला होता, आणि त्याच्यासमोर ती पोरगी माझ्यासारख्या ढेरपोट्याकडून हरत राहिली, कारण मी पाहुणा होतो. आणि मी काय केलं, तर त्याच हरण्याचा दाखला देऊन तिचं पुणं बंद केलं. तेही तिला मनगट शिकवून.

मी मामांना फोन केला. माझं चुकलं, ती फार चांगली खेळते, तिला पाठवा, असं सांगितलं. मामांनी तो माझा चांगुलपणा समजला. "आसू द्या पाव्हणं, तुमी मनाला लावून घिऊ नगा. तिला आमी समजावलंय." जावयाने दिलेला शब्द जावयालासुद्धा मागे घेता येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

दिवाळसणाला गेलो तेव्हा मेव्हणी तशीच हसून बोलत होती, मला त्या हसण्याकडे बघवत नव्हतं. पाडव्याला ओवाळून झाल्यावर मामींनी अंगठीची डबी पुढे केली. दिवाळसणाला जावयाने रुसायचं आणि सासऱ्याने काय हवं ते विचारायचं, अशी त्या घरात रीत आहे; मामांच्या थोरल्या भावाच्या जावयाने रुसून मोटारसायकल घेतली होती, ते कौतुकाने सांगतात. मी रुसलो नाही. अंगठी घातली आणि म्हणालो, संध्याकाळी हॉलवर जाऊ, सगळेच जाऊ.

पुन्हा तेच. मामा-मामी, माझी बायको वर गॅलरीत, आणि शटल माझ्याकडे येत होतं ते मला आवडेल त्याच उंचीवर. मी जाळीपाशी गेलो आणि तिला हळू आवाजात म्हणालो, "मुद्दाम हरू नकोस. मला सगळं कळलंय. तुझ्या पुण्याचं मीच मामांना..."

"माहितीय दाजी," ती म्हणाली. "कप न्यायला मीच आल्ते की."

आणि मागे जाऊन तिने सर्व्हिस केली. शटल अलगद आलं, माझ्या छातीच्या उंचीवर.

ते मी मारलं नाही, पडू दिलं. माझा स्वतःवरचा राग कुठे काढावा ते मला कळेना. समजावून काही होणार नव्हतं, फोन करून झाला होता. त्या घरात माझ्या हातात एकच गोष्ट होती, आणि ती त्यांच्याच रीतीतली होती. मी कोर्टच्या मधोमध मांडी घालून बसलो.

"मी रुसलोय," मी वर पाहून म्हणालो.

शेजारच्या कोर्टवरचा खेळ थांबला. तिशी उलटलेला माणूस, घामाने टी-शर्ट पोटाला चिकटलेला, लाकडी जमिनीवर फतकल मारून बसलेला. एका डॉक्टरांनी मला लागलं का विचारलं. बायकोने तोंडावर ओढणी धरली. मामा लगबगीने जिना उतरून अनवाणी कोर्टवर आले. "काय पायजे, पाव्हणं? आंगठी बारीक वाटली का?"

"हिने माझ्याशी खरं खेळावं," मी म्हणालो. "मामा, धोंड्याला ही मुद्दाम हरली होती. मामींनी सांगितलं होतं तसं."

मामांनी गॅलरीकडे पाहिलं. मामींनी पदर सारखा केला. "जावयाला हरिवत्यात व्हय कुटं," त्या वरूनच म्हणाल्या, पण आवाज नेहमीचा नव्हता.

मामा मग लेकीकडे वळून म्हणाले, "खेळ."

त्यानंतर जे झालं त्याला खेळ म्हणता येईल का, मला शंका आहे. शटल मला दिसायचं ते जमिनीवर पडल्यावर. मी पुढे धावलो की ते मागे पडायचं, मागे गेलो की जाळीला चाटून अलीकडे टपकायचं. एकदा मी तोंडावर पडलो, टी-शर्ट वर सरकला आणि शेजारच्या कोर्टवरच्या कुणीतरी ते पाहून मान फिरवली. मला दोन गुण मिळाले; दोन्ही तिच्या हातून शटल रेषेबाहेर गेलं म्हणून. ती एकदाही हसली नाही, एकदाही "दाजी" म्हणाली नाही. तीन महिने गिळलेलं सगळं ती माझ्या अंगावर फेकत होती, आणि तिचा तो हक्कच होता. डॉक्टर मंडळी आपला खेळ सोडून तिचाच बघत उभी होती. मामा गॅलरीत परत गेलेच नाहीत. ते रेषेबाहेर अनवाणी उभे होते, तोंड किंचित उघडं, टाळ्या वाजवायचं विसरून गेलेले.

बाहेर आलो तेव्हा अंधार पडला होता. मी सवयीने गाडीच्या पुढच्या दाराकडे गेलो. मामांनी मध्येच हात घालून दार धरलं आणि मागे पाहून लेकीला म्हणाले, "तू बस पुढं."

मी मागे बसलो, मामी आणि बायकोच्या मधे, मेव्हणीची किटबॅग मांडीवर घेऊन. प्रवरेच्या पुलावर मामा म्हणाले, "आसं खेळती, तर आदी का न्हाई दावलं मला?"

"तुमी आदी कदी आल्ता का बघायला?" ती म्हणाली. आवाज चढवून नव्हे.

मामांनी गिअर बदलला. "त्या पुन्याच्या सरांला फोन लावू उद्या. जागा आसंल आजून."

"जागा भरली, अण्णा. गनपतीतच भरली."

"मग पुढल्या वर्षी."

"पुढल्या वर्षी मी एकोणीसच्या आतल्या गटात बसत न्हाई." ती काचेबाहेर बघत होती. "मोठ्या पोरींत नव्यानं उभं ऱ्हावं लागंल."

गाडी मळ्याच्या रस्त्याला वळली. खड्ड्यांत मामींचा गुडघा माझ्या गुडघ्यावर आदळत होता. त्या माझ्याकडे न बघता हळूच म्हणाल्या, "पाव्हण्यांना मागं बसवलं ह्यांनी," आणि अंग चोरून मला जागा करून देऊ लागल्या. मी नीट बसलोय, मला जागा पुरतेय, असं त्यांना सांगायचं होतं. पण मी बॅग घट्ट धरून पुढच्या सीटकडे, तिच्या घामेजल्या वेणीकडे बघत राहिलो.