कुसुमताई माफ करत नसत

कुसुमताई माफ करत नसत. कैनाडच्या चुलतदिराने त्यांच्या लग्नाच्या पंगतीत भांडण काढलं होतं. त्याच्या घरचं पाणी त्या कधी प्यायल्या नाहीत. "मी भांडत नाही," त्या म्हणायच्या, "मी लक्षात ठेवते."

तलासरीच्या आमच्या चिकूच्या कारखान्यात त्या खरेदी बघायच्या, मी हिशेब. सगळी खरेदी फोनवर चाले. मग ती संगणकावर गेली आणि पन्नाशीपुढच्या सगळ्यांना प्रशिक्षणाला बसवलं. शिकवायला निमेश होता, तरुण, गुजराती आणि तोंडाळ. पहिल्याच दिवशी कुसुमताईंनी मागणी भरताना क्रेटऐवजी टन निवडलं. निमेशने ती चूक प्रोजेक्टरवर सगळ्यांना दाखवली.

"बेन, अख्ख्या डहाणूला चिकू वाटायचेत का? रहेवा दो, राहू द्या. घरी नातवंडं सांभाळा."

सगळे हसले. कुसुमताईंना मूलबाळ नव्हतं.

दुपारी डबा उघडताना त्या मला म्हणाल्या, "मला हे शिकव. एकदा त्याला त्या भिंतीवर लटकवायचंय." रोज जेवून आम्ही बसायचो. माउस त्या असा आवळून धरायच्या की मला त्याचीच दया यायची. पण शिकल्या, आणि इतक्या नीट की पुढे माल पुरवणाऱ्यांना शिकवायचं काम त्यांच्याकडेच आलं.

दरम्यान निमेशने नोकरी सोडून प्लॅस्टिकच्या क्रेटचा धंदा काढला. नोंदणीसाठी वर्गाला बसणं सक्तीचं होतं, म्हणून तो कुसुमताईंच्याच वर्गात आला. त्यांनी त्याला पुढे बसवलं आणि वाट पाहिली. घाईत त्याने माल पोचवायची तारीख मागच्या वर्षाची टाकली. क्षणात ती भिंतीवर झळकली.

"निमेशभाई, माल गेल्या वर्षीच पोचला की. रहेवा दो, तुम्हाला नाही जमायचं."

वर्ग खो खो हसला. निमेशचे कान लाल झाले. कुसुमताईंना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून सरावलीचे वामनकाका उठले. म्हातारे चिकू बागायतदार, नवाकोरा फोन घेऊन आले होते. फोन खिशात घालून ते मुकाट बाहेर पडले. कुसुमताई फाटकापर्यंत त्यांच्यामागे गेल्या.

"काका, तुमचं राहिलंय अजून."

"नको बाई. आता माझं पण दाखवशील. त्यापरीस दलालाला देईन माल, तो देईल त्या भावात."

त्या वर्गात परतल्या. संध्याकाळी निघताना एवढंच म्हणाल्या, "निमेशला मारलेली चपराक काकांना लागली."

रविवारी मला घेऊन त्या सरावलीला गेल्या. काकांनी चहा दिला, फोन काही काढला नाही. कुसुमताई पुढच्या रविवारी पुन्हा गेल्या, त्याच्या पुढच्याही. शेवटी ओटीवर बसून काकांनी स्वतःच्या बोटाने नोंदणी केली, आणि त्यांचा माल सरळ आमच्याकडे येऊ लागला. वर्गातही त्यानंतर कुसुमताई चुकणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसायच्या आणि हळू आवाजात सांगायच्या.

मला वाटलं, बाईंचा राग निवळला. त्यांच्या निरोप समारंभाला निमेश आला. एव्हाना तो आमचा कायमचा क्रेटवाला झाला होता. सगळ्यांसमोर तो पाया पडायला वाकला.

कुसुमताईंनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"अजून नाही," त्या शांतपणे म्हणाल्या, आणि त्याच्या हातावर पेढा ठेवला.

गेल्या वर्षी त्या गेल्या. मधल्या काळात दर दिवाळीला निमेश मिठाई घेऊन त्यांच्या घरी जायचा. त्या त्याला बसवायच्या, चहा द्यायच्या, धंद्याची चौकशी करायच्या. पाय मात्र त्याच्या हाती त्यांनी कधी लागू दिले नाहीत.