पहिल्या दहाव्याचा कावळा

माणसाला मरण एकदाच येतं आणि त्याच्यापुढे सगळे सारखे, असं थोर लोक सांगून गेले आहेत. माझे भाऊजी विश्वनाथराव गेल्या महिन्यात फुलसावंगीला वारले, ते दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी जेवायला पुष्कळ जास्त माणसं होती. निरोप मला महागावला मोटारीच्या कंडक्टरकडून मिळाला. दुपारी शेतात कपाशी बघायला गेले, निंबाखाली टेकले, ते उठलेच नाहीत. मोटारीत बसताना मला भीती वाटत होती ती त्यांची नव्हे, माझ्या बहिणीची, अक्काची. या निरोपाची वाट ती वीसेक वर्षं पाहत होती.

बेचाळीसला भाऊजींनी तारा तोडल्या आणि ते फरार झाले. कुठे, ते फक्त अक्काला आणि मला माहीत होतं. बोरी अरबला रहीमभाई नावाचे इंजिन दुरुस्त करणारे मिस्त्री होते. त्यांच्याकडे भाऊजी लुंगी नेसून, उस्मान हे नाव घेऊन पाने-हातोडे पुसत होते. इकडे जमादार दर बाजाराला अक्काच्या ओसरीवर येऊन बसायचा, पाणी मागायचा आणि सापडला तर गोळीच घालू, असं अगदी घरगुती आवाजात सांगायचा. अक्का आतल्या दाराला धरून उभी असायची. तो गेला तरी तिचा हात बराच वेळ दारावरून सुटायचा नाही.

पुढच्या पावसाळ्यात पैनगंगेच्या पुरात एक प्रेत काठाला लागलं. चेहरा राहिला नव्हता. जमादारानं अक्काला ओळख पटवायला नेलं, सोबत मी. तिनं प्रेताकडे पाहिलंच नाही, जमादाराकडे पाहिलं आणि म्हणाली, "होय, हेच." शोध थांबला तरच नवरा जगणार, एवढं तिला त्या क्षणी कळलं. एका शब्दात काम भागेल असं आम्हा दोघांनाही वाटलं होतं... पण आपल्याकडे मरण एका शब्दात आटोपत नाही. बांगड्या फुटल्या, कुंकू पुसलं गेलं. मूलबाळ नव्हतं म्हणून अग्नी मी दिला. जमादार बघत होता, त्यामुळे काहीच टाळता येईना.

दहाव्याला नदीवर पिंड मांडला. माणूस जिवंत, तेव्हा कावळा काही शिवणार नाही, याची आम्हाला खात्री होती. 'स्वराज्याची इच्छा राहिली' हे वाक्यही मी लोकांसाठी तयार ठेवलं होतं. आम्ही मागे सरकलो न सरकलो तोच कावळा उतरला आणि त्यानं पिंडात चोच घातली. लोक समाधानानं हात जोडू लागले. अक्का माझ्या कानाशी म्हणाली, "भाऊ, ते जिते हायेत न?"

मी हो म्हणालो. मला तरी काय माहीत होतं? बोरीला जाऊन बघावं तर पोलिसांना आपणच वाट दाखवल्यासारखं. तेरावं झालं, जमादार बुंदी दोनदा मागून जेवला. अक्का खायची नाही, झोपायची नाही. काही आठवड्यांनी रहीमभाई गावातल्या गिरणीचं इंजिन बघायच्या निमित्तानं आले आणि आतल्या दाराला ऐकू जाईल अशा बेतानं मला म्हणाले, "उस्मान को बड़ा बुखार चढ़ा था, दसवें के आसपास. अब ठीक है. खाता बहुत है." हिवताप त्या दिवसांत निम्म्या जिल्ह्याला होता. पण अक्कानं ताप तेवढा ऐकला.

खटले मागे घेतल्यावर भाऊजी परत आले. गुरुजी म्हणाले, ज्याचे दिवस झाले त्यानं नव्यानं जन्म घ्यावा लागतो. बारसं करा, बायकोशी पुन्हा लग्न लावा. अक्कानं हात जोडून विनवलं. भाऊजी हसले. "मी मेलोच नाही, त पुन्हा जन्मू कायले? त्या पुरातल्या बुवाले भूक लागली असंन, म्हणून कावळा शिवला." अक्का हसली नाही. तिनं कुंकू लावलं, आणि दाराशी एक काठी आणून ठेवली. तेव्हापासून तिनं घरावर कावळा बसू दिला नाही. भाऊजींना बाजारातून यायला उशीर झाला की ती काठी घेऊन अंगणात उभी, आभाळाकडे बघत.

छप्पन्न साल उलटल्यावर शाळेपुढे हुतात्म्यांचा दगड बसवला, त्यात भाऊजींचं नाव होतं. अनावरणाला ते पहिल्या रांगेत बसून पेढा खात होते. तालुक्याच्या साहेबांना चूक दाखवली, तर ते म्हणाले, नाव कोरून झालं आहे, आता बदलणं अवघड. सगळे हसले. घरी आल्यावर अक्का म्हणाली, "दगडावर गेलं नाव. आता ते कोन पुसन?"

यंदाच्या दहाव्याला मी पुन्हा त्याच काठावर पिंड मांडला. ऊन डोक्यावर आलं तरी कावळा शिवेना. लोकांनी शेताचं, अक्काला सांभाळण्याचं, सगळ्याचं वचन देऊन पाहिलं. अक्का पाण्याकडे पाहत बसली होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मांगच्या खेपेले शिवला, तवा जिते होते. आता शिवत नाही... याचा अर्थ मी काय धरू, भाऊ?" गुरुजींनाही भूक लागली होती. त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

काठी अजून दाराशी आहे, पण अक्का तिला हात लावत नाही. रोज सकाळी ती भिंतीवर भाताचा घास ठेवते आणि उंबऱ्यात बसून वाट पाहते. वीसेक वर्षं हाकललेले कावळे त्या घराकडे फिरकत नाहीत. घास शेजारची मांजर खाते.