पाव फेरा मागे

“पाव फेरा मागे,” ते म्हणाले, आणि मी पुढे फिरवला.

चूक साधीच होती. समोर मुठीत मावेल एवढं इंजिन, त्याच्या डोक्यावर नळाच्या चावीसारखा छोटा दांडा. इंजिन सुरू होऊन गरम झालं की तो दांडा थोडा मागे घ्यायचा, म्हणजे आतला दाब कमी होतो. काकांचा एक हात इंधन कमी-जास्त करायची सुई फिरवण्यात गुंतला होता, दुसऱ्याने त्यांनी इंजिन बसवलेली फळी धरली होती, म्हणून काम माझ्यावर आलं. पण मी बदलापूरचा माणूस. आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं. चावी दिसली की हात आपोआप बंद करायच्या दिशेनं जातो.

इंजिन कण्हलं. पंखा जड झाला आणि थांबला. गच्चीवर एकदम शांतता. पाण्याच्या टाकीवरचा कावळासुद्धा वाकून बघायला लागला.

काका रागावले नाहीत. त्यांनी फडक्यानं हात पुसले आणि म्हणाले, “दाबलंत तुम्ही त्याला, शेजारी. आता श्वास कसा घ्यायचा त्यानं?”

ते मला शेजारी म्हणत. मी त्यांना काका. कात्रपमधली आमची सोसायटी त्यांना डिझेलकाका म्हणायची, अर्थात ते समोर नसताना.

ओळख झाली ती वासामुळे. ते आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आले, तेव्हा बायको कपडे वाळत घालता घालता थांबली आणि म्हणाली, “अहो, वर कुणाचं ऑपरेशन झालंय का, बघून या.” वास खरंच जुन्या सरकारी दवाखान्यासारखा होता, आणि त्यात रॉकेल. मी वर गेलो. दार काकूंनी उघडलं. पदर नाकाला, चेहऱ्यावर बऱ्याच वर्षांची सवय. “या,” म्हणाल्या, “बाल्कनीत आहेत. चहा टाकते, तुम्हाला लागेल.”

बाल्कनीत पाटावर एक इंजिन उघडून ठेवलेलं. खेळातल्या विमानाचं. खेळातलं म्हणजे मुलांचं नव्हे, मोठ्या माणसांच्या खेळातलं. काकांनी मला उभ्याउभ्या सगळं समजावलं, मी विचारलं नसताना. ही इंजिनं बाजारात येतात ती ‘ग्लो’ जातीची. त्यांना डोक्यात एक तारेचा प्लग असतो, तो सुरुवातीला बॅटरीनं तापवायचा, आणि पाजायचं ते खास अल्कोहोल. प्लग जळतो, नवा मिळत नाही. अल्कोहोल मागायला गेलं की दुकानदार आपण दारू गाळणार असल्यासारखं बघतो. म्हणून काका त्याचं डोकंच काढत आणि स्वतः बनवलेलं बसवत. त्यात प्लग नाही, बॅटरी नाही. पाजायचं ते रॉकेल, दवाखान्याच्या वासाचं इथर आणि एरंडेल. दाबानंच पेट घेतं.

“म्हणजे डिझेल झालं ते,” काका म्हणाले.

“आवाज कमी होतो का?” मी विचारलं. मला तेवढंच सुचलं.

“ग्लो किंचाळतं. डिझेल बोलतं.”

खाली आम्हाला दोन्ही सारखंच ऐकू यायचं. पण ते सांगण्याइतका मी धीट नाही.

ते अंबरनाथच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. तुम्हाला वाटेल, म्हणजे हात सोन्याचा असणार. तसं काही नव्हतं. निम्मी इंजिनं त्यांनी बिघडवली होती. कुणाचा दांडा वाकलेला, कुणाची भिंत चिरलेली. ती सगळी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली असत. एखादं उघडून दाखवत आणि म्हणत, “हे माझ्या घाईमुळे गेलं. हे माझ्या हट्टामुळे.” आणि परत गुंडाळून ठेवत. टाकून मात्र देत नसत.

मी त्यांच्या नादाला कसा लागलो, हे माझ्या बायकोला अजून समजलेलं नाही. मलाही नाही. ऑफिसातून दमून आल्यावर वर जाऊन बसायचो, एवढंच. तिथे कुणी मला काही विचारत नसे. एकदा त्यांनी मला एरंडेल आणायला पाठवलं. मी काष्ठौषधींच्या दुकानात मोठा डबा मागितला. दुकानदारानं माझ्या पोटाकडे बघितलं, मग डब्याकडे. “घरात किती माणसं आहेत?” त्यानं हळूच विचारलं. मी म्हटलं, विमानासाठी पाहिजे. त्यानंतर तो माझ्याशी फार मायेनं बोलायला लागला. अजूनही बोलतो.

नवं डोकं कातायला काका उल्हासनगरला जात. तिथे एका सिंधी गाळेवाल्याचा लेथ होता. तो चष्मा कपाळावर चढवून काकांचं काम बघत बसे.

“काका, इसमें मिलता क्या है?”

“मिलने के लिए करता तो तेरे जैसा नट-बोल्ट बनाता, साईं.”

साईं माझ्याकडे वळून म्हणाला, “लोग काम करके थकते हैं. ये थकने के लिए काम ढूँढता है.” काका हसले. ते हसणं मी लक्षात ठेवलंय, कारण त्यात नाकबुली नव्हती.

त्यांचं सगळं अडलं होतं ते एका मोठ्या इंजिनापाशी. त्या डोक्यात आत एक छोटी गुंडी असते, वरचा दांडा तिला ढकलतो. गुंडी घट्ट बसली तर गरम झाल्यावर मागे येत नाही. सैल बसली तर दाब गळतो. काकांनी ती किती वेळा कातली, त्यांनाच माहीत. इंजिन सुरू व्हायचं, तापायचं, कण्हायचं आणि बंद पडायचं. इंधनाची एक पूर्ण टाकी संपेपर्यंत ते कधी चाललं नाही.

त्यातच काकूंचा दमा वाढला. डॉक्टरांनी सांगितलं, घरातला हा वास बंद करा. काकू हे आमच्या ओट्याशी बसून सांगत होत्या, मध्ये थांबून, श्वास गोळा करत. वर गेल्यावर त्यांनी काकांनाही सांगितलं. मी तिथेच होतो, हातात चहा.

“हे एक मोठं पूर्ण टाकी चालू दे,” काका म्हणाले. “एकदा उडू दे. मग बंद.”

“मागच्या वेळी पण असंच म्हणाला होतात.”

“मागचं लहान होतं.”

काकूंनी कप उचलले. “उडवा एकदाचं,” म्हणाल्या. त्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त वाईट वाटलं.

एका रविवारी सकाळी आम्ही सोनिवलीच्या मोकळ्या जागेवर गेलो. तिथे बिल्डरचा फलक लागला होता, कुंपणाचे पत्रे अजून लागायचे होते. काकूही आल्या. त्यांना रिक्षात, धूर जाणार नाही अशा बाजूला लांब बसवलं. रिक्षावाला म्हणाला, “काका, ड्रोन घ्या ना. माझ्या भाच्याकडे आहे, बटन दाबलं की गेलं.” काकांनी मान डोलावली.

हे विमान दोन तारांना बांधलेलं असतं. आपण मध्ये त्या तारांची मूठ धरून उभं राहायचं आणि ते आपल्याभोवती गोल फिरतं, म्हणजे आपणही फिरायचं. माझं काम मागे गुडघ्यावर बसून विमान धरून ठेवायचं, त्यांनी मुठीपाशी जाऊन खूण केली की सोडायचं.

काकांनी बोटाला जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला आणि पंख्याला टिचकी मारायला लागले. पंखा उलट मारून बोट फोडतो, म्हणून ती ट्यूब. बऱ्याच टिचक्या झाल्या. ते दमले, बसले, परत उठले. मग एकदम ते सुरू झालं.

या वेळी दांडा त्यांनीच धरला. पाव फेरा मागे. इंजिन अडखळलं, सावरलं. अजून थोडं मागे. आणि मग ते बोलायला लागलं. खोटं नाही सांगत, त्या दिवशी मला पहिल्यांदा ते बोलण्यासारखं ऐकू आलं.

काका मुठीकडे चालत गेले. तिथे उभे राहिले. मूठ उचलायला वाकले नाहीत. रिक्षाकडे बघत राहिले. काकू नाकाला पदर लावून पुढे झुकून बघत होत्या, खोकत होत्या की मान हलवत होत्या, मला तेवढ्या लांबून दिसलं नाही. मग काका परत आले आणि माझ्याशेजारी मातीत बसले.

“सोडू का?” मी ओरडून विचारलं.

त्यांनी हात हलवला. नको.

मी धरून बसलो. हात बधिर झाले, शर्टावर काळं एरंडेल उडत होतं, चष्म्यातून काही दिसेना. काका कान वाकडा करून ऐकत होते. टाकी संपत आली तसा आवाज थोडा वर चढला, आणि मग पंखा दोन-चार वेळा नुसता फिरून थांबला.

“उडवलं नाहीत?”

“चाललं की टाकीभर.” त्यांनी बोटावरची ट्यूब काढली. “उडवलं असतं तर पडलं असतं कधीतरी. पडलं की दुरुस्त करायचं. मग परत सगळं आलं.” “दमलो, शेजारी.”

परतताना रिक्षात काकूंनी विचारलं, “झालं?” ते म्हणाले, “झालं.” मी दोघांच्या मध्ये बसलो होतो, मांडीवर विमानाचा पंख.

पत्र्याचे डबे साईंकडे गेले. त्यातलं एक इंजिन तो गल्ल्यावर कागद दाबायला वापरतो. डबे गेल्यावर काका बाल्कनीत बसत, हातात काही नसे. मी वर जायचो तर टीव्ही लावत, मला बरं वाटावं म्हणून. दिवाळीनंतर दोघं मुलीकडे नाशिकला कायमचे गेले. वरच्या घराला आता रंग लागलाय. नवे लोक आहेत, चांगले आहेत, त्यांच्या घराला कसलाच वास नाही.

परवा मी जेवताना बायकोला म्हणालो, की बघ, माणसानं बायकोच्या श्वासासाठी आयुष्याचा नाद सोडला. थोडं माझ्याही खात्यावर जमा व्हावं, असा माझा हेतू होता.

ती भांडी उचलत होती. म्हणाली, “काकूंचा फोन आला होता दुपारी. श्वास बरा आहे म्हणाल्या. पण आता माणूस घरात आहे का बाहेर गेलाय, ते हाक मारून बघावं लागतं, म्हणाल्या.”